स्टीमवर १०० डॉलर भरले की दार उघडतं. मग माल तपासायचा कुणी?

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेम टेस्टिंगमध्ये मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा पुण्यात एका कंपनीत रात्रपाळीत गेली, कारण ज्यांचं काम आम्ही करायचो त्यांचा दिवस आपल्या रात्री उगवायचा. काम होतं कन्सोलच्या सर्टिफिकेशनआधीच्या, म्हणजे विक्रीसाठी कन्सोल कंपनीची मंजुरी घेण्याआधीच्या तपासणीचं. गेम सेव्ह होत असताना कंट्रोलरची वायर उपटायची, स्टोरेज काठोकाठ भरून मग सेव्ह करायला लावायचं, मधेच इंटरनेट तोडायचं, गेम रात्रभर पॉझवर ठेवून सकाळी जिवंत आहे का ते बघायचं. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो यांच्या याद्या वेगवेगळ्या, पण जात एकच. सहा वर्षांत एकाही यादीत 'खेळायला मजा येते का' हा प्रश्न मला दिसला नाही. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन स्टोअरवरून छोट्या स्टुडिओचा कोडी सोडवायचा गेम घेतला. चौथ्या तासाला सेव्ह फाइल कोरी झाली. तिथल्या चर्चेत पाहिलं तर आणखी तीस-चाळीस जणांचं तेच रडगाणं, आणि बनवणाऱ्याचं उत्तर नाही. पानावर 'पूर्ण कंट्रोलर सपोर्ट' लिहिलं होतं, प्रत्यक्षात मेनूत खाली यायलाच माउस लागत होता. मला तो गेम आवडला होता, म्हणून जास्त लागलं. हे दोन्ही दोष आमच्या जुन्या टेबलावर पहिल्याच रात्री सापडले असते.

ज्यांना स्टीमची, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची, सध्याची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. दर गेममागे १०० डॉलर भरायचे, ओळखीची आणि कराची कागदपत्रं द्यायची. त्या गेमची कमाई १००० डॉलरच्या वर गेली की ते शंभर परत मिळतात. पहिल्या गेमला पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' हे पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं. मग व्हॉल्व्हचा माणूस पान तपासतो, बिल्ड, म्हणजे गेमची तयार फाइल, उघडून बघतो. चालू होतो का, पानावर सांगितलंय ते आत आहे का, काही घातक नाही ना. यात काही दिवस जातात. पण चौथ्या तासापर्यंत कुणी खेळत नाही, आणि २०२४ या एका वर्षात जिथे १८,००० हून जास्त गेम आले तिथे ते शक्यही नाही.

आपण इथवर कसे आलो तेही बघा. २०१२ पर्यंत स्टीमवर काय येणार ते व्हॉल्व्हमधली मोजकी माणसं ठरवायची. ३० ऑगस्ट २०१२ ला ग्रीनलाइट सुरू झालं, म्हणजे लोकांनी मतं द्यायची. पहिल्या काही दिवसांतच खोट्या नोंदींचा पूर आला म्हणून १०० डॉलरची अट घातली; ते पैसे चाइल्ड्स प्ले या धर्मादाय संस्थेला जायचे. पुढे मतांच्या बदल्यात फुकट 'की', म्हणजे गेम मिळवायचे कोड, वाटणारे निघाले. जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद करून स्टीम डायरेक्ट आणलं. फी किती असावी यावर तेव्हा १०० पासून ५००० डॉलरपर्यंतचे आकडे चर्चेत होते. ५००० म्हणजे त्या वेळचे सव्वातीन लाख रुपये. तसं झालं असतं तर आपल्याकडच्या दोन-तीन जणांच्या कितीतरी टीम उंबऱ्यातच थांबल्या असत्या. शंभरच ठरले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि फी वाढवा असं मी आजही म्हणणार नाही. पैसे भरण्याची ऐपत आणि गेमचा दर्जा यांचा संबंध नाही.

माझं म्हणणं असं. स्टोअरनं गेमची चव घेऊ नये. पण माल सांगितल्याप्रमाणे आहे का, आणि तो माणसाच्या हातात फुटत तर नाही ना, एवढं बघण्याची जबाबदारी ३० टक्के कमिशन घेणाऱ्याचीच आहे. ती आज गिऱ्हाइकावर ढकललेली आहे: तुम्ही घ्या, तुम्ही फसा, तुम्ही रिव्ह्यू लिहा, मग पुढचा शहाणा होईल. ज्यानं जीव ओतून गेम केला त्याचंही यात नुकसानच होतं, कारण फसलेला माणूस पुढच्या वेळी अनोळखी नावाला हातच लावत नाही.

तुम्हाला काय वाटतं? बनवणारे, विकत घेणारे, दोघांचंही ऐकायचं आहे.

निळीशाई

तळमळ पोचली. पण दारात परीक्षक बसवायचा म्हटलं की मला धास्ती वाटते. तो बसतो चालतंय का हे बघायला, आणि बघता बघता काय चालावं हे ठरवायला लागतो.

एक उदाहरण. झॅकट्रॉनिक्सचा 'ऑपस मॅग्नम', किमयागाराच्या यंत्रांचा कोड्यांचा गेम. जीओजी हे निवडून गेम घेणारं दुकान. त्यांनी २०१७ मध्ये तो नाकारला. याच लोकांचे आधीचे गेम तिथे विकायला होते, तरीही. खूप ओरड झाल्यावर निर्णय फिरवला गेला. झॅकट्रॉनिक्सला निदान नाव होतं, त्यांच्यासाठी ओरडणारे होते. ज्याचा पहिलाच गेम आहे त्याच्यासाठी कोण ओरडणार?

दुसरं. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' डिसेंबर २०२१ मध्ये स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला, आला तेव्हा किंमत होती ३ डॉलर. चित्रं विकत मिळणाऱ्या तयार संचातली. दारावरच्या माणसानं दोन मिनिटं पाहिला असता तर 'तयार माल जोडून ठोकलेला दिसतोय' म्हणून बाजूला ठेवला असता. २०२३ मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला, तोही 'एल्डन रिंग' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' यादीत असताना. माझ्या दृष्टीनं उघड्या दाराचं हे फळ फार मोठं आहे, आणि त्यासाठी चार वाईट गेम सहन करायची माझी तयारी आहे.

कॅसेटवाला

माझं वय पन्नाशीच्या पुढे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

अमेरिकेत १९८३ मध्ये घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठून कार्ट्रिज काढत होता, दुकानं न खपलेल्या मालानं भरली होती, आणि लोकांचा विश्वासच उडाला. अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या ॲलमगोर्डो गावात कार्ट्रिज पुरली. २०१४ मध्ये खणून काढली तेव्हा ती खरंच सापडली. त्यानंतर १९८५ मध्ये निन्टेंडोनं अमेरिकेत यंत्र आणलं ते कुलूप लावूनच. यंत्रात एक चिप, कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार, दोघींची खूण पटली तरच गेम चालू. वर सोनेरी शिक्का. आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा, म्हणजे काढाल ते नीट काढा. कोनामीनं त्यावर अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी उभी करून पाचाचे दहा करून घेतले.

आपल्याकडे मात्र आली ती जपानी यंत्राची नक्कल, जिला कुलूपच नव्हतं. नव्वदीत आमच्या सोलापुरात 'टीव्ही गेम' म्हणजे हेच. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९९ गेम. घरी येऊन लावली की आठ-दहा गेम, तेच वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून. वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेली कॅसेट होती. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही की आत दहाच आहेत. त्यामुळे रात्रपाळी म्हणतात तो मुद्दा मला आतून कळतो. गेम वाईट असल्याचं दुःख नव्हतं, ते दहा गेम आम्ही झिजेपर्यंत खेळलो. वेष्टणावर खोटं लिहिलं होतं, ते अजून बोचतं.

हापूसवाला

कॅसेटवाला, अगदी नेमकं. आमच्याकडे बागा आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनानं आंबा गोड होत नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकू नये एवढ्यासाठीच ते आहे. कर्नाटकातला आंबा वाईट असतो असं मी म्हणत नाही, तो त्याच्या नावानं विकावा.

गेमचं फारसं कळत नाही, मुलगा खेळतो. पण पेटीवर लिहिलंय ते पेटीत असावं, हे कुठल्याही बाजाराला लागू आहे.

रात्रपाळी (धागाकर्ता)

निळीशाई, तुमची भीती खरी आहे, म्हणूनच मी चव हा शब्द मुद्दाम वापरला. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' माझ्या तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाला असता. तो चालत होता, ३ डॉलरला जे सांगितलं होतं ते देत होता. तयार चित्रं वापरणं हा दोष नाही. दुसऱ्याचं नमुना प्रोजेक्ट विकत घेऊन, नाव बदलून, जसंच्या तसं विकणं हा दोष आहे.

हा प्रकार कसा चालायचा ते सांगण्यासारखं आहे. स्टीमवर गेम चालू ठेवला की ट्रेडिंग कार्डं (डिजिटल चित्रं) मिळतात, ती स्टीमच्याच बाजारात विकता येतात, आणि प्रत्येक विक्रीतला छोटा वाटा गेम बनवणाऱ्याला जातो. काही लोकांनी नावापुरता गेम बनवायचा, हजारो 'की' बॉट (आपोआप चालणाऱ्या खोट्या) खात्यांना द्यायच्या, बॉटनी तो नुसता चालू ठेवायचा, कार्डं गोळा करून विकायची. माणूस कुठेच नाही. मे २०१७ मध्ये व्हॉल्व्हनं नियम बदलला: खरे खेळाडू आहेत अशी खात्री पटेपर्यंत कार्डंच द्यायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एकाच गटाचे १७० हून जास्त गेम एका दमात काढून टाकले. म्हणजे बघा, कुणाचीही रुची न तपासता कचरा कमी करता आला. कचरा करण्यातला फायदा कुठून येतो ते शोधलं आणि ती वाट बंद केली. मला अशी तपासणी हवी आहे.

बे_एरियातून

बऱ्याच दिवसांनी लॉगिन करतोय, कारण हा विषय माझा आहे. २००९ ते २०१२ मी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवरच्या इंडी गेम्स या दुकानात हौसेनं गेम काढायचो. (हे दुकान २००८ च्या शेवटी कम्युनिटी गेम्स या नावानं सुरू झालं.) तिथे कंपनीचा परीक्षक नव्हताच. वर्षाला ९९ डॉलर भरणारे आम्ही सगळे सभासदच एकमेकांचे गेम तपासायचो. मी तुमचा खेळायचा, तुम्ही माझा. पुरेशा लोकांनी पास केलं की गेम दुकानात. क्रॅश सापडला तर नापास, दुरुस्त करून थोड्या दिवसांनी परत यायचं.

नियम साफ होता: दर्जावरून नापास करायचं नाही. क्रॅश, निषिद्ध मजकूर, दुसऱ्याच्या मालकीचा माल, बस. आमच्यातल्या अनुभवी लोकांनी एक यादी केली होती, चारपैकी कुठल्याही कंट्रोलरनं स्टार्ट दाबलं तर काय होतं, मेमरी युनिट मधेच काढलं तर काय होतं, जुन्या टीव्हीवर कडेची अक्षरं कापली जातात का. मी आजवर जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या यादीतून. कुणी अनोळखी माणूस तुमच्या गेमला दोन तास देतोय आणि क्रॅश कसा झाला ते पायरी-पायरीनं लिहून पाठवतोय, याचं मोल मला तेव्हाही कळत होतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. दर्जा बघायचा नाही म्हटल्यावर कंट्रोलरची थरथर वापरून 'मसाज' करणारी ॲप्स ढिगानं आली. ती क्रॅश होत नव्हती, खोटंही सांगत नव्हती, त्यामुळे रात्रपाळीच्या दोन्ही चाळण्यांतून सहज पार. दुकानाची कळा गेली. शिवाय तपासायला मोबदला काही नव्हता, त्यामुळे लांबलचक आरपीजीला (भूमिका घेऊन खेळायच्या गेमला) तपासणारेच मिळायचे नाहीत आणि दोन मिनिटांचे गेम पटापट पुढे जायचे. २०१७ मध्ये ते दुकान कायमचं बंद झालं. माझे तिन्ही गेम त्याच्याबरोबर गेले.

तेव्हा प्रश्न दाराचा आहे तितकाच फळीचा आहे. आत काय येतं, आणि समोर काय मांडलं जातं. पहिल्यात उदार राहा, दुसऱ्यात कडक.

स्पष्टबोला

एवढी चर्चा कशाला? कन्सोलसारखं सक्तीचं सर्टिफिकेशन पीसीवर आणा. नापास तर विकायचं नाही. औषधं तपासल्याशिवाय विकतात का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

स्पष्टबोला, मी ते काम सहा वर्षं केलंय, त्यामुळे त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही माहीत आहेत.

'फेझ' हा गेम एप्रिल २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला. जूनमध्ये पॅच (दुरुस्तीची फाइल) आला, त्यात खूप दुरुस्त्या होत्या, पण एक टक्क्याहून कमी लोकांच्या सेव्ह फाइल त्यानं खराब केल्या. नवा पॅच काढायचा तर पुन्हा सर्टिफिकेशन, आणि त्याची फी हजारो, दहा-दहा हजारांच्या पटीत डॉलर. पॉलिट्रॉन ही चिमुकली कंपनी. त्यांनी जुलैमध्ये जाहीर सांगितलं की आम्हाला हे परवडत नाही, आहे तोच पॅच राहील. दर्जा राखायला केलेल्या व्यवस्थेमुळे दोष तसाच राहिला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती फी काढून टाकली.

आणि सर्टिफिकेशन म्हणजे हमी नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' प्लेस्टेशन ४ वर आला तो सर्टिफिकेशन ओलांडूनच. आठवड्याभरात सोनीला तो दुकानातून काढावा लागला, परत यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. बनवणाऱ्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानंच नंतर अंदाज सांगितला की प्रकाशनापर्यंत आम्ही सगळं ठीक करू असा विश्वास तपासणाऱ्यांनी ठेवला असावा. मोठ्या नावावर विश्वास ठेवला जातो, छोट्याला दर पॅचला रांगेत उभं केलं जातं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

छोट्यांना सर्टिफिकेशन जमतच नाही, असं मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची (लोकांकडून वर्गणी जमवायची) मोहीम उद्दिष्टाला पोचली नाही. तरी टिकून राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला तो आधी निन्टेंडो स्विचवर. कन्सोलची पूर्ण यादी पार करून. पीसी आणि बाकी कन्सोल त्यानंतर ऑक्टोबरमध्ये. त्या बातमीच्या दिवशी आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

माझ्या मनात आहे ते असं: तपासणी स्टोअरच्या खर्चानं, पॅचला फी शून्य, आणि नापास झालं तर विक्री बंद न करता पानावर स्पष्ट नोंद. 'सेव्ह फाइल जाण्याची तक्रार तपासली, खरी आहे, दुरुस्ती बाकी.' एवढं वाक्य जरी तिथे असतं तरी मी थांबलो असतो, आणि दुरुस्तीनंतर घेतला असता.

दोन_मुलांची_आई

मी गेम खेळत नाही, पण दोन मुलं खेळतात आणि कार्ड माझं आहे, म्हणून विचारते. थोरल्यानं वाढदिवसाच्या पैशातून अर्ली ॲक्सेसचा एक गेम घेतला. दीड वर्ष झालं, त्यात काहीच नवीन आलं नाही. तो अजून दर रविवारी उघडून बघतो. मध्यंतरी गेममधून व्हायरस आल्याचंही वाचलं. घेण्याआधी नेमकं काय बघावं? सोप्या भाषेत सांगाल का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

ताई, नक्की सांगतो. जून २०१५ पासून स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, कारण विचारत नाहीत. म्हणून नवा गेम घेतला की लगेच सलग बसून खेळू द्या आणि दोन तास पुरे व्हायच्या आत ठरवा. महिनाभर तसाच ठेवून दिला की मुदत जाते. (हाच नियम छोट्या गेमच्या मुळावरही येतो. २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' हा दोन तासांत संपणारा गेम लोकांनी पूर्ण खेळून, चांगले रिव्ह्यू देऊन परत केला, आणि बनवणाऱ्यानं गेम करणं काही काळ सोडत असल्याचं लिहिलं. आवडलेला गेम परत करू नको, हे मुलांना जरूर सांगा.)

रिव्ह्यूंमध्ये एकूण टक्का बघू नका, 'अलीकडचे' बघा. अर्ली ॲक्सेसमध्ये वर्षाहून जास्त काळ काही हालचाल नसेल तर तशी सूचना आता स्टीम पानावर दाखवतं, २०२५ पासून. ती दिसली की घेऊ नका. आणि पुढे काय येणार आहे ते वाचूच नका. आज जेवढा गेम आहे तेवढ्यासाठी पैसे द्यावेसे वाटतात का, एवढंच मुलाला विचारा.

व्हायरसचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम त्यासाठी काढला गेला, आणि ज्यांनी तो चालवला त्यांना व्हॉल्व्हनं कॉम्प्युटर पूर्ण तपासा, जमल्यास सिस्टिम नव्यानं टाका असं कळवलं. त्याच वर्षीचा 'ब्लॉकब्लास्टर्स' त्याहून वाईट. जुलैच्या शेवटी आला तेव्हा साफ होता, महिन्याभरानं पॅचमधून घातक भाग आत घातला. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका स्ट्रीमरची क्रिप्टोतली जमा रक्कम त्यातून गेली. पहिलं बिल्ड तपासलं जातं, नंतरचे पॅच तसे तपासले जात नाहीत, हे भगदाड आहे. ऑक्टोबर २०२३ पासून बिल्ड सगळ्यांसाठी लावताना फोनवर कोड घ्यावा लागतो, पण ते चोरीला गेलेल्या खात्यांसाठी. मालकच चोर असेल तर त्याचा काय उपयोग? तेव्हा अनोळखी, फुकट, पाच-दहा रिव्ह्यूंचा गेम मुलांना तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्या कॉम्प्युटरवर चालवू देऊ नका.

थोरल्याला माझ्याकडून एक सुचवा: गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा 'रेनस्वेप्ट', २०१९ चा. विषय प्रौढ आहे, खुनाचा तपास आहे, म्हणून आधी तुम्ही बघा. अगदी लहान टीमचा, पूर्ण झालेला गेम कसा असतो ते त्याला दिसेल.

इचलकरंजीचा

सगळे प्रतिसाद वाचले. मी तो दुसऱ्या बाजूचा माणूस. दिवसा सायझिंगमध्ये (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात) हिशेब बघतो, रात्री गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर गेम करतो. मागच्या वर्षी एक छोटा गेम स्टीमवर टाकला, त्याचे शंभर डॉलर अजून परत मिळालेले नाहीत. आता दुसरा करतोय. यंत्रमागाच्या शेडमधली एक रात्र. चार माग एकट्यानं सांभाळायचे: ताणा तुटला की गाठ मारायची, कांडी संपत आली की बदलायची, धोटा उडाला तर माग बंद. आमच्या वडिलांचं आयुष्य यात गेलं. मराठीतच करतोय, खाली इंग्रजी.

अडचण अशी की तपासायला माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे. दुसऱ्याच्या मशीनवर काय होईल ते मला कळणारच नाही. वर ज्याला तुम्ही बेजबाबदार म्हणताय, त्यातला एखादा माझ्यासारखाही असेल. फसवायचं नसतं, पण दिसत नाही.

पुढच्या महिन्यात डेमो टाकायचा आहे. इथे कुणी अर्धा तास देईल का?

बे_एरियातून

मी देतो. माझ्याकडे २०१३ चा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. आणि स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्रही आहे. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निळीशाई

मलाही पाठवा. मी प्रूफ वाचते, क्रॅश कळणार नाही, पण अक्षर कळेल.

रात्रपाळी (धागाकर्ता)

इचलकरंजीकर, आधी मनापासून माफी. 'उत्तर नाही' म्हणून ज्याच्यावर मी चिडलो होतो त्याच्याकडेही कदाचित एकच लॅपटॉप असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझी जुनी तपासणी यादी साध्या मराठीत लिहून तुम्हाला पाठवतो. सुरुवात सेव्हपासून करा: सेव्ह होत असताना टास्क मॅनेजरमधून गेम मारा, पन्नास वेळा. प्रत्येक वेळी आधीची सेव्ह शाबूत राहिली पाहिजे. नवी फाइल वेगळ्या नावानं पूर्ण लिहा, मगच जुनीच्या जागी ठेवा. आणि गोडो ३ वर असाल तर ४ वर या. आपली जोडाक्षरं मार्च २०२३ च्या ४ पासूनच नीट जुळतात.

निळीशाई

अर्धा तास म्हणता म्हणता अडीच तास खेळले. त्या शेडमधला आवाज फार जमलाय. कान भरून येतात, आणि एक माग बंद पडला की ती पोकळी लगेच कळते.

गोडो ४ मुळे इकार, जोडाक्षरं सगळी जागेवर आहेत. एकच चूक, पण सगळीकडे. तिसऱ्या पातळीत 'दोऱ्या तपासा' असं हवं तिथे 'दोर्या' आलंय, य च्या डोक्यावर रफार. तसंच 'कामगार्यांना', तिथे तर शब्दच 'कामगारांना' हवा. आणि शेवटच्या पाटीवर 'दुसर्या पाळीची वेळ'. मराठीत हे दोन र वेगळे आहेत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. परदेशी टेस्टरच्या यादीत हे कधीच येणार नाही, ते आपणच पकडायचं.

इचलकरंजीचा

ताई, वर्षभर तो मजकूर रोज बघतोय, माझ्या नजरेला एकदाही आलं नाही. मी साध्या र ला हलंत देऊन य टाकत होतो. आता खाली टिंब असलेला ऱ घातला, तर फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही, चौकोन येतोय. जाहिरातीच्या दुकानातून आणलेला फॉन्ट होता, परवान्याचाही पत्ता नव्हता. तो काढून मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' टाकला, तो मुक्त परवान्याचा आहे. आता 'दोऱ्या' बरोबर दिसतंय. फक्त अक्षरं थोडी रुंद झाली, त्यामुळे कांडी बदलायची सूचना पाटीबाहेर जातेय.

बे एरियावाले दादा, तुमच्या जुन्या लॅपटॉपवर दुसऱ्या मागाला गेम अडखळतो म्हणालात, ते धाग्यांच्या सावल्यांमुळे. सावल्या बंद करायचा पर्याय देतोय.

रात्रपाळी दादा, पन्नास वेळा मारला. एकोणचाळिसाव्या वेळी सेव्ह गेली. जुनी फाइल आधी पुसून मग नवी लिहीत होतो. उलटं केलं, परत पन्नास वेळा मारला, एकदाही गेली नाही. सोमवारी काम संपलं की रात्री नवं बिल्ड टाकतो.